उलट्या थेंबातली वाढ

बाल्टिमोर, वसंत १९०७

सूक्ष्मदर्शकात बघताना दुसरा डोळा मिटू नका. मिटलात तर थोड्याच वेळात पापणी थरथरू लागेल, आणि तुम्हाला इथे बराच वेळ बसायचे आहे. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या शरीररचनाशास्त्र विभागातली ही खोली. बाहेर बेडकांच्या विणीचा हंगाम आहे, म्हणून टेबलावरच्या भांड्यांत अंडी आणि भ्रूण आहेत. शेजारी उभे असलेले रॉस हॅरिसन ३७ वर्षांचे आहेत. त्यांचे हात काय करतात ते नीट बघा. पुढची शंभर वर्षे माणसे याच कामाचे नवे नवे प्रकार करत राहणार आहेत.

भ्रूण जेमतेम ३ मिलिमीटर लांब आहे. ज्या नळीतून पुढे मेंदू आणि मज्जारज्जू घडतात ती त्याच्या पाठीवरची नळी नुकतीच मिटली आहे. तिच्यात अजून एकही तंतू फुटलेला नाही. हॅरिसन त्या नळीचा एक कण कापून वेगळा करतात, बारीक पिपेटने उचलतात आणि कव्हरस्लिपवरच्या लसीकेच्या थेंबात सोडतात. ही लसीका एका मोठ्या बेडकाच्या कातडीखालच्या पिशवीतून आत्ताच काढलेली आहे. बघता बघता ती गोठते आणि कण जागच्या जागी धरला जातो. मग कव्हरस्लिप उलटी करून मधोमध खळगा असलेल्या काचपट्टीवर ठेवायची आणि कडेने पॅराफिन मेण लावून बंद करायची. थेंब आता खळग्यात खाली लटकतो आहे आणि त्यात बेडकाच्या होऊ घातलेल्या चेतासंस्थेचा एक कण जिवंत आहे.

एवढा खटाटोप कशासाठी, ते सांगतो. काही महिन्यांपूर्वीच, डिसेंबर १९०६ मध्ये, कॅमिलो गोल्जी आणि सांतियागो रामोन इ काहाल यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले, आणि स्टॉकहोममधल्या आपापल्या व्याख्यानांत दोघांनी एकमेकांच्या विरुद्ध मते मांडली. गोल्जी म्हणतात, चेतासंस्था हे सलग जाळे आहे. काहाल म्हणतात, प्रत्येक चेतापेशी सुटी असते आणि तिचा तंतू तिच्यातूनच फुटून वाढत जातो. तंतूचा उगम सांगणारे आणखी पक्ष आहेत. काहींच्या मते पेशींमध्ये पहिल्यापासून पूल असतात आणि पुढे त्यांचेच तंतू होतात. काहींच्या मते अनेक पेशींची साखळी मिळून एक तंतू घडवते. वाद मिटत नाही, कारण सगळ्यांच्या हातात पुरावा एकाच जातीचा आहे: मारून, रंगवून, कापलेल्या ऊतीचे पापुद्रे. मेलेल्या ऊतीत वाढ दिसत नाही. वाढ कुठवर आली होती, तेवढेच दिसते.

आता बघा. कणाच्या कडेतून एक पारदर्शक तंतू बाहेर आला आहे. त्याचे टोक फुगीर आहे, आणि त्या फुगवट्यातून बारीक धागे निघतात, चाचपडतात, आखडतात, पुन्हा निघतात. घड्याळ लावा. २५ मिनिटांत सुमारे २० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा पन्नासावा भाग. हे टोक काहाल यांनी १८९० मध्येच रंगवलेल्या भ्रूणात ओळखले होते. ते जिवंत कसे हिंडते हे आज दिसते आहे. या थेंबात पूल नाहीत, जाळे नाही, रस्ता आखणारी पेशींची साखळी नाही. तरीही तंतू वाढतो आहे.

टिश्यू कल्चर म्हटले की महाराष्ट्रात जळगावकडच्या केळीची रोपे डोळ्यांपुढे येतात. प्राण्यांच्या ऊतींपुरती त्या विद्येची सुरुवात या मेण लावलेल्या काचेवर झाली. नीट निर्जंतुक काळजी घेतली तर हे कण आठवडाभर जगतात, काही जवळजवळ चार आठवडे.

निघण्याआधी एवढे मनात ठेवा. हॅरिसन यांनी तंतूला काहीही शिकवले नाही. त्यांनी फक्त त्याला हवी तशी जागा दिली, आणि मग ते बघत बसले.

बाल्टिमोर, १९५१

शहर तेच, विद्यापीठही तेच. फक्त आता तुम्ही त्याच्या रुग्णालयात आहात, आणि खाटेवर हेन्रिएटा लॅक्स नावाची तरुण कृष्णवर्णीय आई आहे. तिला गर्भाशयमुखाचा कर्करोग झाला आहे. उपचार सुरू असताना तिच्या गाठीचा छोटा तुकडा प्रयोगशाळेत पाठवला जातो. माणसाच्या पेशी शरीराबाहेर सतत वाढत्या ठेवण्याचे प्रयत्न तोवर फसत आले आहेत. या पेशी मात्र वाढतात आणि थांबतच नाहीत. पुढे त्या जगभरच्या प्रयोगशाळांत जातात, आणि पोलिओच्या लशीपासून कर्करोगाच्या संशोधनापर्यंत सगळीकडे वापरल्या जातात.

४ ऑक्टोबरला हेन्रिएटा वारते. तिला कोणी विचारले नव्हते. तशी परवानगी घेण्याची तेव्हा रीतच नव्हती. तिच्या पेशी जिवंत आहेत हे तिच्या घरच्यांना कळायला वीस वर्षांहून अधिक काळ जाईल.

हा चेताऊतीचा मुक्काम नव्हे. पण या खाटेपाशी थांबल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. ऊतीला जागा दिली की ती वाढते, ही अर्धी गोष्ट झाली. ती ऊती कोणाची, हा उरलेला अर्धा भाग.

रिओ दि जानेरो, १९५२

इथे उकाडा आहे, आणि इथल्या टेबलावरही उलटा थेंब आहे. भिंगात वाकलेल्या रीता लेव्ही-मोंतालचिनी अमेरिकेतल्या सेंट लुइसहून गाठी वाढवलेले उंदीर बरोबर घेऊन विमानाने आल्या आहेत. १९३८ मध्ये मुसोलिनीच्या वंशभेदी कायद्यांनी ज्यूंना विद्यापीठांबाहेर काढले, त्यानंतर त्यांनी तुरिनमधल्या आपल्या निजायच्या खोलीत प्रयोगशाळा थाटली होती. शिवणाच्या सुया घासून हत्यारे केली होती आणि कोंबडीच्या अंड्यांतल्या भ्रूणांवर काम चालू ठेवले होते. रिओतली प्रयोगशाळा हेर्टा मायर यांची. जर्मनी सोडून आधी तुरिनला आणि तिथून ब्राझीलला आलेल्या मायर ऊतिसंवर्धनात तरबेज आहेत.

थेंबात दोन गोष्टी आहेत. एक कोंबडीच्या भ्रूणातली चेतागुच्छिका, म्हणजे चेतापेशींचा छोटा पुंजका. दुसरा उंदराच्या गाठीपासून वाढवलेला तुकडा. दोघांमध्ये अंतर आहे. तुम्ही उद्या याच वेळी या.

आलात? बघा. पुंजक्यातून सगळ्या बाजूंनी तंतू फुटले आहेत, मूर्तीमागे प्रभावळ असावी तसे दाट आणि सारखे. गाठीने पुंजक्याला स्पर्शही केलेला नाही, म्हणजे तिच्यातून काहीतरी झिरपते आहे आणि ते तंतूंना वाढवते आहे. लेव्ही-मोंतालचिनी ही प्रभावळ शाईने काढतात आणि पत्रातून सेंट लुइसला व्हिक्टर हॅम्बर्गर यांना पाठवतात. तिथे स्टॅन्ले कोहेन पुढे त्या पदार्थाचा छडा लावतील, तो प्रथिन निघेल, आणि १९८६ मध्ये लेव्ही-मोंतालचिनी आणि कोहेन या दोघांना नोबेल मिळेल.

हॅरिसन यांच्या थेंबात तंतूची स्वतःची धाव दिसली होती. इथे कळते की त्या धावेला आसपासच्या रसायनांची साथ लागते. जागा म्हणजे नुसती रिकामी जागा नव्हे.

क्योतो २००६, कोबे २०११

इथून पुढे जपान. क्योतो विद्यापीठात शिन्या यामानाका आणि काझुतोशी ताकाहाशी यांच्यासमोर २४ जनुकांची यादी आहे. उंदराच्या साध्या संयोजी पेशींत ती सगळी घातली, तर काही पेशी भ्रूणावस्थेकडे माघारी जातात. मग एकेक जनुक वगळून बघायचे. शेवटी चार उरतात. त्या चारांनी प्रौढ पेशीचे घड्याळ उलटे फिरते. तिची मूलपेशी होते, आणि मूलपेशीपासून शरीरातली जवळपास कोणतीही ऊती घडू शकते. २००७ मध्ये माणसाच्या त्वचेतल्या पेशींबाबतही हे साधते.

याचा अर्थ मनात उतरू द्या. आतापर्यंत माणसाच्या मेंदूची सुरुवात बघायची तर भ्रूणाखेरीज दुसरी वाट नव्हती. आता चिमूटभर त्वचा पुरते. त्या त्वचेमागे एक ठरावीक माणूस असतो: त्याची आनुवंशिकता, त्याचा आजार, त्याचे नाव.

कोबेच्या रिकेन संस्थेत योशिकी सासाई यांच्या गटाने उंदराच्या भ्रूणीय मूलपेशी द्रवात तरंगत ठेवल्या आहेत. गोळ्याच्या कडेला एक फुगा बाहेर येतो. मग त्याचे तोंड आपण होऊन आत दुमडते आणि दोन थरांची वाटी तयार होते. भ्रूणात डोळा घडताना अशीच वाटी बनते. ती घडायला शेजारच्या भिंगाचा रेटा लागतो, असे पुष्कळांना वाटे. इथे भिंग नाही आणि रेटाही नाही. वाटी घडते, कारण घडायचे कसे ते पेशींनाच माहीत आहे.

व्हिएन्ना, २०१३

इनक्युबेटरचे दार उघडा. ३७ अंशांची ऊब चेहऱ्यावर येईल. आत एक भांडे मंद गतीने फिरते आहे, आणि त्यातल्या गुलाबी द्रवात फिकट पांढरे गोळे तरंगत आहेत.

इथे थांबू या. आयएमबीए संस्थेत, युर्गन क्नोब्लिख यांच्या प्रयोगशाळेत मॅडेलिन लँकेस्टर यांनी हे घडवले आहे. मूलपेशींचे छोटे गोळे करायचे. काही दिवस त्यांना चेताऊतीकडे वळवणारे पोषणद्रव्य द्यायचे. मग प्रत्येक गोळा मॅट्रिजेल नावाच्या जेलीच्या थेंबात बसवायचा. ही जेली उंदराच्याच एका प्रकारच्या गाठीतून मिळते. रिओत तंतूंना साथ देणारी उंदराची गाठ इथे पुन्हा भेटते. या वेळी तिने दिलेला आधार धरून ऊती घड्या घालते. त्यानंतर फिरते भांडे. फिरल्यामुळे ऑक्सिजन आणि अन्न गोळ्याच्या सगळ्या बाजूंना पोचते.

एक गोळा भिंगाखाली घ्या. दोनेक महिन्यांत तो ४ मिलिमीटरपर्यंत वाढलेला असेल. कडेला पोकळ्या दिसतील, त्यांच्या भिंतींत चेतापेशींना जन्म देणाऱ्या मातृपेशी एकावर एक रचलेल्या दिसतील, आणि त्यांच्या बाहेर नव्याने जन्मलेल्या चेतापेशींचा थर. काही गोळ्यांवर काळा ठिपका आहे. तो दृष्टिपटलामागच्या रंगद्रव्याच्या ऊतीचा. मेंदूच्या वेगवेगळ्या भागांसारख्या ऊती एकाच गोळ्यात शेजारी शेजारी बसल्या आहेत, पण भ्रूणातली शिस्त त्यांच्यात नाही. कुठला भाग कुठे यावा हे सांगणारे शरीर भोवती नाही.

म्हणून स्पष्ट सांगतो: हा मेंदू नव्हे. त्याला रक्तवाहिन्या नाहीत, आणि गोळा मोठा होत गेला की गाभ्यातल्या पेशी ऑक्सिजनवाचून मरतात. माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात. डोळे, कान, कातडी यांच्याकडून त्याला क्षणोक्षणी काही मिळत असते. या गोळ्याला यातले काहीच मिळत नाही. त्याला ऑर्गनॉइड म्हणतात. मानवी मेंदूच्या अगदी सुरुवातीच्या महिन्यांचे काही टप्पे तो पुन्हा घडवून दाखवतो.

आणि ते टप्पे मोलाचे आहेत. शेजारच्या भांड्यातले गोळे बघा. ते लहान आहेत. ज्या रुग्णाच्या त्वचेपासून ते वाढवले त्याला मायक्रोसेफली आहे: मेंदू पुरेसा वाढलाच नाही आणि डोके लहान राहिले. दोष एका जनुकात आहे. उंदरांमध्ये त्याच जनुकात बिघाड करून पाहिला तर माणसाइतका परिणाम दिसत नव्हता, कारण उंदराचा मेंदू वाढण्याची रीत वेगळी आहे. या गोळ्यांत कारण उघड होते. मातृपेशींनी आधी स्वतःची संख्या वाढवायची आणि मग चेतापेशी घडवायला लागायचे, असा क्रम असतो. इथे त्या फार लवकर चेतापेशी होऊ लागतात. मातृपेशींचा साठा संपतो आणि वाढ थांबते. जन्माच्या कितीतरी आधी, आईच्या पोटात, कोणाच्याही नजरेआड घडलेली गोष्ट तुम्ही आज भिंगाखाली बघता आहात. ज्या आईवडिलांनी वर्षानुवर्षे 'का?' विचारले, त्यांना देण्यासारखे एक उत्तर इथे तयार झाले.

रिओ आणि बाल्टिमोर, २०१६

तीन वर्षांनी हीच विद्या घाईने बाहेर काढावी लागते. ब्राझीलच्या ईशान्य भागात लहान डोक्याची बाळे जन्माला येत आहेत. झिका विषाणू १९४७ मध्ये युगांडात सापडला, तेव्हापासून त्याची ओळख सौम्य तापाचा विषाणू एवढीच होती. आता त्याच्यावर संशय आहे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी जागतिक आरोग्य संघटना आंतरराष्ट्रीय आणीबाणी जाहीर करते. संशय आणि पुरावा यांत फरक असतो, आणि गरोदर बाई पुरावा येईपर्यंत थांबू शकत नाही.

तुम्ही पुन्हा रिओत आहात. पॅट्रिशिया गार्सेझ, स्टीव्हन्स रेहेन आणि त्यांचे सहकारी मानवी ऑर्गनॉइडांना झिकाची लागण करून बघतात. लागण झालेले गोळे निरोगी गोळ्यांपेक्षा सरासरी ४० टक्क्यांनी लहान राहतात. झिकासारखाच एडीस डासातून पसरणारा डेंग्यूचा विषाणू पेशींत शिरतो, पण असा नाश करत नाही. बाल्टिमोरमध्ये, जिथे हॅरिसन यांनी पहिला थेंब उलटा केला त्याच विद्यापीठात, गुओ-ली मिंग आणि होंगजुन सोंग यांचे गट दाखवतात की झिका नेमका मेंदूच्या मातृपेशींवर झडप घालतो. तुम्ही व्हिएन्नात पाहिल्या त्याच या पेशी. जनुकाने जे हळूहळू केले ते इथे विषाणू करतो.

हे पुण्याच्या माणसाला दूरचे वाटू नये. जुलै २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावात महाराष्ट्रातला पहिला झिका रुग्ण सापडला, आणि २०२४ च्या पावसाळ्यात पुणे शहरातल्या गरोदर बायकांमध्येही लागण आढळली. त्यांच्या तपासण्या काळजीपूर्वक का करायच्या, हे डॉक्टरांना ठाऊक होते. त्या ज्ञानात रिओ आणि बाल्टिमोरच्या या गोळ्यांचा वाटा आहे.

स्टॅनफर्ड, २०२२

शेवटची प्रयोगशाळा. सेर्जिउ पाश्का यांच्या गटाने मानवी चेतापेशींचे गोळे नवजात उंदरांच्या मेंदूत बसवले आहेत. भांड्यात नसलेल्या दोन गोष्टी तिथे मिळतात: रक्तपुरवठा आणि संवेदना. उंदराच्या रक्तवाहिन्या मानवी ऊतीत शिरतात. मानवी चेतापेशी भांड्यातल्यांच्या कित्येक पट मोठ्या होतात. उंदराची मिशी हलवली की त्यातल्या काही पेशी प्रतिसाद देतात. टिमोथी सिंड्रोम या दुर्मीळ आजाराच्या रुग्णांपासून घेतलेल्या पेशी इतक्या मोठ्या झाल्यावर त्यांच्या फांद्यांमधला दोष स्पष्ट दिसतो. भांड्यात तो झाकलेला होता.

इथे तुम्हाला अस्वस्थ वाटले तर ते दडपू नका. १९०७ मध्ये कण बेडकाचा होता. आज ऊती माणसाची आहे, ती संवेदनेच्या वाटेला जोडली गेली आहे, आणि तिला बाळगणारा जीवही जिवंत आहे. सॅन दिएगोत २०१९ मध्ये, महिनोन्‌महिने वाढलेल्या ऑर्गनॉइडांत विजेच्या लहरी उठताना नोंदवल्या गेल्या. लहर म्हणजे जाणीव नव्हे. पण ऊती जितकी पुढे जाईल तितका हा प्रश्न जवळ येत जाईल, आणि तो शास्त्रज्ञांनी आपसात मिटवायचा प्रश्न नाही.

तुमचे शहर, आज

परत आलात. या प्रवासात प्रत्येक ठिकाणी एकच गोष्ट घडताना तुम्ही पाहिली: ऊतीला वाढायचे कसे ते कोणी शिकवले नाही. लसीका, गाठीतला रस, जेली, फिरते भांडे, जिवंत मेंदू. दर वेळी माणसाने भोवतालची परिस्थिती थोडी अधिक अनुकूल केली आणि ऊती थोडी अधिक पुढे गेली. वाढ तिची आहे. परिस्थिती आपली आहे. म्हणून उत्तरदायित्वही आपले.

उद्या एखाद्या रुग्णालयात तुमच्यासमोर, किंवा तुमच्या आजारी मुलाच्या वतीने, संमतिपत्र येऊ शकते: त्वचेचा लहानसा तुकडा किंवा थोडे रक्त, संशोधनासाठी. शक्य असेल तर द्या. दुर्मीळ मेंदूविकारांच्या बाबतीत भांड्यात वाढवलेली रुग्णाची स्वतःची ऊती हीच कित्येकदा एकमेव खिडकी असते. पण देताना विचारा. यापासून मेंदूची ऊती वाढवणार आहात का? ती प्राण्याच्या शरीरात बसवणार का? किती काळ ठेवणार? नको वाटले तर मला माघार घेता येईल का? हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, आणि चांगला संशोधक अशा प्रश्नांनी दुखावत नाही.

आणखी एक. 'मूलपेशींनी मेंदू बरा करतो' असे सांगून कोणी लाखो रुपये मागितले तर सावध व्हा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे रक्ताच्या काही ठरावीक आजारांपलीकडे मूलपेशी-उपचाराला रूढ उपचार मानत नाहीत. बाकी सगळे परवानगी घेतलेल्या चाचण्यांतच व्हायला हवे. तुम्ही पाहिलेले गोळे आजार समजून घेण्यासाठी आहेत. समजण्यापासून बरे करण्यापर्यंतचा रस्ता खरा आहे, पण तो लांब आहे. थकलेल्या आईवडिलांची आशा विकून तो कोणालाही जवळचा करता येत नाही.

हेन्रिएटा लॅक्स यांना विचारले गेले नाही. तुम्हाला विचारले जाणार आहे. या शतकभराच्या कामात माझ्या मते प्रथिने आणि जनुके सापडली याइतकीच मोठी ही प्रगती आहे, आणि ती टिकवणे प्रयोगशाळेबाहेरच्या माणसांच्या हातात आहे: प्रश्न विचारणाऱ्या, समजून घेऊन सही करणाऱ्या, आणि आपल्या पेशींचे पुढे काय झाले याचा हिशेब मागणाऱ्या माणसांच्या.